शिंदे आडनाव: महादजी, विठ्ठल रामजी, प्रल्हाद, सुशीलकुमार, एकनाथ... स्मरणिकेत एकच घराणं म्हणून छापायचं का?

स्मरणिका_संपादक (प्रश्न)

आमच्या गावच्या मंडळाची स्मरणिका छपाईला चालली आहे. त्यात 'शिंदे कुळातील रत्ने' नावाचा चार पानी लेख आला आहे. महादजी शिंदे, ताराबाई शिंदे, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, गायक प्रल्हाद शिंदे आणि त्यांची मुलं-नातू, अण्णासाहेब शिंदे, सुशीलकुमार शिंदे, ग्वाल्हेरचं सिंधिया घराणं, एकनाथ शिंदे असे सगळे एका मोठ्या वंशवृक्षावर दाखवले आहेत. खोड राणोजी शिंदे, आणि बाकीचे सगळे फांद्या. आधार म्हणून फक्त "शिंदे हे ९६ कुळांतले एक कूळ" एवढंच वाक्य आहे.

माझे प्रश्न:

१) यातलं नेमकं कोण कोणाचं, हे कागदांवरून सांगता येतं का?
२) गाण्यातले शिंदे आणि ग्वाल्हेरचे शिंदे यांचा काही खरा संबंध आहे का? लेखात "संगीत या घराण्याच्या रक्तातच आहे" असं लिहिलं आहे.
३) गावातल्या शिंदे मंडळींना स्वतःची शाखा शोधायची असेल तर सुरुवात कुठून करायची? त्याची अर्ध्या पानाची चौकट द्यायचा विचार आहे.

---

रुमालवाचक

वृक्ष छापू नका. यादी छापा, ती चांगली आहे.

ज्यांची साखळी कागदोपत्री जोडलेली आहे असं तुमच्या यादीत एकच घर आहे: साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे. गाव कोरेगाव तालुक्यात आहे आणि पाटीलकी याच घराकडे होती. राणोजी पेशव्यांच्या चाकरीत वर आले आणि १७४५ मध्ये वारले. त्यांचे मुलगे जयाप्पा, दत्ताजी, ज्योतिबा, तुकोजी आणि महादजी. जयाप्पांचा १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात खून झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. जयाप्पांचे पुत्र जनकोजी आणि जयाप्पांचे भाऊ तुकोजी पानिपतात गेले. जगले-वाचले ते महादजी. एवढ्या मोठ्या पदावर जाऊनही लोक त्यांना 'पाटीलबावा' म्हणत, कारण कण्हेरखेडची पाटीलकी हीच त्यांची मूळ ओळख. लेखात हे एक वाक्य जरूर घाला, गावाचं नाव त्यामुळेच लक्षात राहतं.

आता वृक्ष काढणारे हमखास चुकतात ती जागा. महादजींना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे आले दौलतराव, म्हणजे भाऊ तुकोजींचे नातू, आनंदरावांचे चिरंजीव. दौलतराव १८२७ मध्ये वारले, त्यांनाही मुलगा नव्हता. तेव्हा बायजाबाईंनी भाऊबंदांतला मुगुटराव हा मुलगा दत्तक घेतला, तेच जनकोजीराव. ते १८४३ मध्ये गेले आणि पुन्हा दत्तक झालं. भागीरथराव नावाचा लहान मुलगा जयाजीराव झाला. म्हणजे महादजी ते जयाजीराव या टप्प्यात सरळ बाप-लेक अशी एकही पायरी नाही. तुमच्या वृक्षात ही माणसं एका सरळ उभ्या रेघेने जोडली असतील तर ती रेघ चूक आहे. दत्तक दाखवायला तुटक रेघ काढा आणि खाली खुलासा लिहा.

जयाजीरावांपासून पुढे मात्र बाप-लेक क्रम आहे: माधवराव (१८८६ पासून १९२५ पर्यंत गादीवर), जिवाजीराव, मग राजकारणातले माधवराव (१९४५–२००१) आणि ज्योतिरादित्य. वसुंधराराजे आणि यशोधराराजे या जिवाजीराव आणि विजयाराजे यांच्या मुली. 'सिंधिया' हे शिंद्यांचंच उत्तरेकडचं रूप, वेगळं आडनाव नाही.

बाकीचे असे:

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, जमखंडीचा. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं, आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची. अण्णासाहेब शिंदे यांची कारकीर्द नगर जिल्ह्यातली. हरितक्रांतीच्या काळात केंद्रात शेती खात्याचे राज्यमंत्री. सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे. जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले, दलित समाजातले राज्याचे पहिले. एकनाथ शिंदे महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे तांबचे. जून २०२२ मध्ये मुख्यमंत्री.

कण्हेरखेड आणि दरे दोन्ही सातारा जिल्ह्यात, म्हणून लेखकाने फांदी जोडलेली दिसते. आजचा जिल्हा हा पुरावा होत नाही. एक कोरेगाव पट्ट्यातलं, दुसरं कोयनेच्या खोऱ्यातलं. मध्ये कागद लागतो, आणि तुमच्या लेखात तो नाही.

---

ग्वाल्हेर_अंग

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. "रक्तातच आहे" हे वाक्य काढा. मात्र ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा गाण्याशी असलेला खरा संबंध त्या वाक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तो सगळा लिहा.

ग्वाल्हेर दरबाराने गवय्यांना पदरी ठेवलं. दौलतरावांच्या काळापासून बडे महंमद खाँ, हद्दू खाँ, हस्सू खाँ ही नावं या दरबाराशी जोडलेली आहेत. ख्यालगायकीचं ग्वाल्हेर घराणं तिथे घडलं. त्या घराण्याचं नाव गावावरून आहे, शिंद्यांच्या आडनावावरून नाही. गाणारे खाँसाहेब, आश्रय देणारे शिंदे.

ही गायकी महाराष्ट्रात आली कशी, ते लिहिलंत तर वाचकाला गंमत वाटेल. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) शिकले आणि विद्या घेऊन दक्षिणेत परतले. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर, मूळ कुरुंदवाडचे, ज्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या संगीत क्लासात आज जी बंदिश शिकवली जाते, तिच्या मागे बहुधा ही साखळी निघते. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या सल्ल्याने ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. ते अजून चालू आहे.

राजघराण्यात स्वतः वाजवणारा एक मोठा कलावंत झाला, आणि नेमका तोच लेखात सुटला असेल: भैया गणपतराव, जयाजीरावांचे पुत्र. हार्मोनियमवर ठुमरी वाजवण्यात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांचं नाव कुठेही 'शिंदे' म्हणून सापडत नाही, सगळीकडे 'भैयासाहेब' किंवा 'भैया गणपतराव'. आडनावाच्या अनुक्रमणिकेत शोधणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

आता प्रल्हाद शिंदे. त्यांची परंपरा पूर्ण वेगळी: भजन, कव्वाली, भीमगीतं, लोकगीतं. 'पाऊले चालती पंढरीची वाट' ऐकलं नाही असा वारकरी सापडणार नाही, आणि तोच आवाज १४ एप्रिलला चौकाचौकात असतो. दोन्हीकडे सारखाच आपला वाटणारा असा गळा विरळा. २००४ मध्ये ते गेले. मुलगे आनंद आणि मिलिंद, आणि आनंद यांचे चिरंजीव आदर्श, अशा तीन पिढ्या सलग गात आल्या. या घराला दरबाराचा आश्रय नव्हता. त्यांना वर आणलं ते मंडपातल्या श्रोत्यांनी आणि कॅसेटच्या बाजाराने. त्यांना महादजींच्या फांदीवर लटकवलं की त्यांचं स्वतःचं कर्तृत्वच झाकलं जातं. त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा.

---

सह्याद्री_९६

छापील कुळी-पुस्तकांत शिंदे एकच कूळ आणि एकच गोत्र दिलेलं असतं. मग सगळे शिंदे मुळात एकच, असं म्हणायला हरकत काय?

---

देवक_आणि_भाऊबंद

@सह्याद्री_९६, गोत्रावर भिस्त ठेवू नका. ब्राह्मणेतर घरांत पुरोहिताचं गोत्र तेच यजमानाचं, ही सर्रास पद्धत होती. पुरोहित बदलला की गोत्र बदललेलं दिसतं. एकाच भाऊबंदकीत दोन गोत्रं सांगणारी घरं असतात, आणि तसंच काही संबंध नसलेल्या दोन घरांचं गोत्र एक निघतं.

त्याहून भरवशाचं देवक. लग्नात मांडवाच्या आधी कशाचं देवक बसवता? पंचपल्लव, कळंब, वेल, शंख, मोराचं पीस, काय असेल ते. देवक एक असलं तर सोयरीक होत नाही, म्हणून बायकांनी ते नीट लक्षात ठेवलेलं असतं. पुरुषांना विचाराल तर "पुस्तकात बघून सांगतो" म्हणतील. घरातल्या सगळ्यात वयस्क आजीला विचारा. आणि विचारताना "आपलं देवक अमुक ना?" असं सुचवू नका, कारण मान डोलावली जाते. "मांडवाच्या दिवशी काय आणतात, कुठून आणतात, कोण आणतं?" असं विचारा.

देवक, कुळदैवत आणि मूळ गाव या तिन्हींचा मेळ बसला तर पुढे कागद शोधण्यात अर्थ आहे. तिन्हीत फरक असला तर आडनाव एक असूनही घरं वेगळी धरायची.

शिवाय शिंदे मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत, बौद्ध, मातंग, ढोर, चर्मकार अशा अनेक समाजांत आहेत. आडनावाचा उगमही एक नाही. काही जण कर्नाटकातल्या मध्ययुगीन सिंद राजांशी नातं सांगतात, जे स्वतःला नागवंशी म्हणवत. ग्वाल्हेरच्या राजचिन्हात नाग आहेत, त्याचा दाखला देतात. काही जण शिंदीच्या झाडावरून सांगतात. नाशिक-सिन्नर रस्त्यावर शिंदे नावाचं गावच आहे, तेव्हा गावावरूनही आडनाव पडू शकतं. सिंदांची एक शाखा बागलकोट भागातली आणि महर्षी शिंदे त्याच भागातल्या जमखंडीचे, म्हणून कोणी जोडायला जाईल. मध्ये ७०० वर्षं रिकामी आहेत, तो मोह टाळा.

---

फेरफार

तिसऱ्या प्रश्नासाठी चौकटीचा मजकूर देतो, कापून-छाटून घ्या. क्रम महत्त्वाचा: आजपासून मागे जायचं. महादजींपासून खाली यायला निघालात की हवं तेच सापडतं.

आधी घर. आजोबा-पणजोबांची नावं, प्रत्येकाच्या भावांची नावं, आणि मूळ गाव. भाऊ का? कारण 'रामा' आणि 'सखाराम' गावात दहा असतात. तीन भावांची नावं एकत्र आली की तेच घर आहे हे ओळखता येतं. आज्या-पणज्यांची माहेरंही लिहून ठेवा.

मग शाळा. पणजोबा शिकले असतील तर गावच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. जन्मगाव, जात, वडिलांचं नाव एका ओळीत मिळतं. जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. १ जून ही तारीख दिसली की ती गुरुजींनी शाळेच्या सोयीने घातलेली असण्याचीच शक्यता जास्त.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुना जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ असतो, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. इथे सगळ्यांची फसगत होते. लोक 'शिंदे' शोधतात आणि सापडत नाही म्हणून परत येतात. त्या नोंदींत आडनाव बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. "राणू बिन सखाराम" किंवा "सखाराम वलद भिवा" एवढंच असतं आणि पुढे जात. बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' असलं तर अमक्याची बायको: "भागू कोम राणू". म्हणून घरातून नावांची जुळणी करून जायचं आणि आडनाव विसरून पानं चाळायची.

जमीन असेल तर सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक उलटे धरत जा. सातबाऱ्यावर क्रमांक गोलात लिहिलेले असतात. प्रत्येक क्रमांकाचा गाव नमुना ६ चा उतारा काढा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, सगळे मुलगे, बऱ्याचदा विधवा आणि मुलीही असतात. वंशावळीसाठी याच्यासारखा कागद नाही. जुन्या अभिलेखांचं स्कॅनिंग झालेल्या जिल्ह्यांत 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. गावाचं नाव बदललं असेल किंवा गाव दुसऱ्या तालुक्यात गेलं असेल तर जुन्या तालुक्याखाली बघा. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि त्याआधीचे निजामी कागद उर्दूत मिळतील, साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, फसली वर्षाच्या जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१.

याच्याही मागे जायचं तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. वह्या गाववार आणि आडनाववार लावलेल्या असतात आणि कुठलं गाव कोणत्या उपाध्यायांकडे हे ठरलेलं असतं. नुसतं "आम्ही शिंदे" म्हणून गेलात तर कोणीही काही काढून देऊ शकणार नाही. मूळ गाव, जुना तालुका, तीन पिढ्यांची नावं सांगा. आताचं गाव सांगू नका, खापरपणजोबा ज्या गावाहून यात्रेला गेले असतील ते सांगा. नोंदीत आलेल्या माणसाची सही किंवा निशाणी, बरोबर कोण होतं, वाडवडिलांची नावं असतात. फोटो काढण्याआधी विचारा, दक्षिणा द्या, आणि आपल्या आताच्या पिढीची नावं त्याच पानावर लिहून या. पुढच्यांना ती लागतील.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव भागात असाल तर हेळवी. सुगीनंतर येतात आणि वहीतून पिढ्या वाचून दाखवतात. त्यांच्या वह्या बऱ्याचदा कानडीत असतात. ते वाचतात तेव्हा आवाज रेकॉर्ड करा, घाईत लिहून घेतलं की दोन पिढ्या गळतात. पहिल्या चार-पाच पिढ्या तुमच्या फेरफारांशी जुळतात का ते तपासा. जुळल्या तर पुढचं जपून धरा. अगदी वरच्या पिढ्यांत राजे-महाराजे येऊ लागले की तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

---

रुमालवाचक

@फेरफार यांनी उत्तम लिहिलंय. मोडीबद्दल थोडं जोडतो, कारण पुण्याच्या पुरालेखागारात (जुनं पेशवे दफ्तर) गावकरी येतात आणि आडनाव वाचण्यातच अडकतात.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं आणि अनुस्वार बऱ्याचदा टाकलेला असतो. 'शिंदे' हेच नाव सिंदे, सीदे, शीदे असं कसंही दिसेल. इंग्रजी कागदांत तर 'सिंदिया', 'सिंधिया', आणि 'एस'नंतर 'सी' घालून केलेलं रूप अशी वेगवेगळी वर्णलेखनं आहेत. सूचीत प्रत्येक रूप वेगळं शोधावं लागतं. वंशावळ हवी असेल तर इनाम कमिशनच्या काळातल्या, म्हणजे १८५२ च्या कायद्यानंतरच्या कैफियती आधी बघा. इनाम टिकवण्यासाठी घराण्यांना आपली हकिकत आणि वंशावळ लिहून द्यावी लागली. त्यात घराणं जुनं दाखवण्याकडे कल असणार, हे धरून वाचा.

सालाची चूक लेखात हमखास होते. एक उदाहरण. महादजी वारले १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, पुण्याजवळ वानवडीला. शके होतं १७१५. सवयीने ७८ मिळवले तर १७९३ येतं, आणि ते चूक. पाडव्याआधीचे जानेवारी-फेब्रुवारी-मार्च असतील तर ७९ मिळवायचे. हीच तारीख सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतली, आकडे अरबी शब्दांत लिहिणारी कालगणना) "अर्बा तिसैन मया व अलफ" या वर्षात पडते: ४, ९०, १००, १०००, म्हणजे ११९४. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मे साठी ६००. 'तिसा' म्हणजे ९ आणि 'तिसैन' म्हणजे ९०, 'सबा' ७ आणि 'सबैन' ७०. शेवटचा 'न' वाचायचा राहिला की आकडा साफ चुकतो.

---

स्मरणिका_संपादक

सगळ्यांचे मनापासून आभार. वृक्ष काढून टाकला. आता तक्ता करतोय. स्त्रियांच्या बाबतीत काय करायचं? ताराबाई आणि बायजाबाई दोघींपुढे 'शिंदे' आहे.

---

देवक_आणि_भाऊबंद

तक्त्यात "आडनाव कसं आलं" असा रकाना घाला: जन्माने, लग्नाने, दत्तकाने, की स्वतः घेतलेलं. बरेच घोटाळे तिथेच सुटतात.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे, सत्यशोधक मंडळींतले. म्हणजे त्यांचं आडनाव माहेरचं. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या, दौलतरावांशी लग्न होऊन शिंदे झाल्या. विजयाराजेंचं आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातलं, जन्म सागरचा. तिघींना एकाच रकान्यात "शिंदे कुळात जन्म" लिहिलंत तर दोघींबद्दल चूक होईल.

दत्तकाचं सगळ्यात ठळक उदाहरण वाचकांना माहीत असलेलं द्या: शाहू महाराज जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे, १८८४ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे भोसले झाले. आणि स्वतः घेतलेल्या आडनावाचं उदाहरण गाण्यातलंच: मंगेशकर. दीनानाथांनी ते गोव्यातल्या मंगेशी गावावरून घेतलं. त्यांच्या कन्या आशाताई लग्नामुळे भोसले. कोणी उद्या 'भोसले कुळातील रत्ने' लेख घेऊन आला तर आशाताईंना शिवरायांच्या वृक्षावर बसवण्याआधी हा रकाना भरायला सांगा.

---

ग्वाल्हेर_अंग

तक्त्याच्या वर छापायला मजकूर सुचवतो: "येथे शिंदे आडनावाच्या व्यक्तींची ओळख दिली आहे. परस्पर नाते जिथे कागदपत्रांवरून निश्चित आहे तिथेच ते नोंदवले आहे." आणि मथळ्यातलं 'कुळातील' काढून 'आडनावाची' करा.

भैया गणपतरावांचा फोटो घालणार असाल तर खाली "जयाजीराव शिंदे यांचे पुत्र" एवढं नक्की लिहा. नाहीतर ही व्यक्ती या लेखात का आहे, ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.